पटावरचा सतरा नंबर

काटेवाल्यांनी कधी कुणाला रतीभर कमी दिलं नाही, आणि रतीभर जास्तही दिलं नाही. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक फळी, एक स्टूल आणि छताला टांगलेले तराजू. वाण्याचा, भाजीवाल्याचा, सोनाराचा, कुणाचाही काटा बिघडला की तिथे यायचा. काटेवाले पारडी उतरवायचे, दांडी पुसायचे, जड बाजू कानशीने अशी घासायचे की मधला काटा सरळ उभा राहून हलायचा थांबे. गिऱ्हाईक घाईला येऊन म्हणायचं, "चालेल हो एवढं." काटेवाले मान वर न करता म्हणायचे, "तुम्हाला चालेल. त्याला चालत नाही."

तो म्हणजे काटा.

कधी कुणी दुकान रिकामं बघून हळूच सांगायचं, की पारड्याच्या पोटाशी जरा शिसं चिकटवून द्या, कुणाला दिसणार आहे. अशा माणसाचा तराजू काटेवाले आहे तसा उचलून रस्त्यावर ठेवायचे. त्यामुळे बाजारात त्यांना मान होता. माया नव्हती. त्यांच्याकडे काटा घेऊन जाणं आणि दात काढायला जाणं, दोन्ही लोक होईल तेवढं लांबवायचे.

त्यांचं घर शाळेच्या भिंतीला भिंत लावून होतं. एका मुलापुरतं ते घर बरोबर होतं. तो मुलगा पहिलीत असताना तीन दिवसांच्या तापात गेला. त्याच्या पाटीमागे आणि दप्तरावर काटेवाल्यांनीच पांढऱ्या रंगाने सतरा हा आकडा काढला होता, त्याचा हजेरीचा नंबर. मुलगा गेल्यावर काटेवाल्यांनी दहा दिवसांत सगळी कागदपत्रं पुरी केली. पालिकेत मृत्यूची नोंद केली, डॉक्टरचा कागद लावला. शाळेतून नाव तेवढं काढायचं राहिलं. बायकोला म्हणाले, "ते तू करून ये." ती गेली, तासाभराने परत आली आणि म्हणाली, "झालं."

दाखला बघू, असं ते म्हणाले नाहीत. सोनाराचा काटा तीनतीनदा तपासणाऱ्या या माणसाने आयुष्यात एवढा एकच कागद न बघता सोडून दिला.

याला तीन वर्षं होऊन गेली.

*

घरपट्टीच्या बिलात शाळापट्टीची एक ओळ असते. लोक ती वाचतही नाहीत. काटेवाले वाचायचे. पहिल्या वर्षी त्यांनी ती गुपचूप भरली, दुसऱ्या वर्षी भरताना दात खाल्ले, आणि तिसऱ्या वर्षी पालिकेच्या सभेत जाऊन उभे राहिले.

"एका पारड्यात मी घालतो," ते म्हणाले. "दुसऱ्यात काय येतं ते दाखवा. एवढंच विचारायला आलोय."

समोरच्या दुकानाचा वाणी सभेला होता. त्याची चार मुलं, धाकटा चौथीत. तो म्हणाला, "काटेवाले, शिकलेली माणसं गावात असली तर तुमच्याच धंद्याला बरं ना? काटा वाचता यायला नको गिऱ्हाइकाला?"

"माझ्या धंद्याला बरं," काटेवाले म्हणाले. "तुझं नुकसान आहे त्यात. म्हणून म्हणतो, तुझी पोरं तू शिकव. मला कशाला त्यात ओढतोस?"

सभा हसली. वाणीही हसला, पण हसता हसता म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. पोर ना बाळ, तुम्हाला कसली झळ?" मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने जीभ चावली. चावून उपयोग नव्हता. काटेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "हेच. हेच लिहून घ्या."

आणि खरोखरच लिहून घेतलं गेलं. मुलं मोठी होऊन परगावी गेलेले म्हातारे होते, लग्न न केलेले होते, सगळे मिळून बऱ्यापैकी मतं होती. पालिकेने नियम केला, की ज्या घरात शाळेच्या वयाचं मूल नाही, त्या घराने चालू महिनाअखेरपर्यंत अर्ज केला तर शाळापट्टी माफ. अर्जावर पहिली सही काटेवाल्यांची. 'अपत्ये' या शब्दापुढे त्यांनी 'नाही' असं एवढं ठसठशीत लिहिलं की कागद मागून फुगला.

आठवड्याने पट्टीखात्याच्या कारकुनाने त्यांना बोलावलं. तरुण होता, वागायला गोड होता.

"काका, अर्ज चुकलाय. तुमचा मुलगा चौथीत आहे."

"मला मुलगा नाही."

"असं कसं? शाळेचा पट आहे ना माझ्याकडे." त्याने वही फिरवली. "चौथी, नंबर सतरा, तुमचंच घर, तुमचंच नाव."

काटेवाल्यांनी आकड्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ तिथेच ठेवलं. मग म्हणाले, "तो तीन वर्षांपूर्वी वारला. इथेच नोंद केलीय मी. त्या टेबलावर."

"ते टेबल वेगळं, काका," कारकून कळवळून म्हणाला. "ते टेबल आमच्याशी बोलत नाही. आम्हाला शाळेचा दाखला लागतो. शाळा म्हणतेय मुलगा आहे, तर आहे."

*

दुसऱ्या दिवशी काटेवाल्यांनी दुकान उघडलं नाही. बायकोला सांगितलं, कणकण आहे. ती एका खानावळीला भाजी चिरून द्यायची. रोज सकाळी दोन टोपल्या शेंगा भिंतीशी घेऊन बसायची, आणि तिची सुरी अशी चालायची की डोळे मिटून ऐकलं तर वाटावं, घड्याळ चाललंय. काटेवाले आतल्या खोलीत पांघरूण घेऊन पडले. कान भिंतीकडे.

अकराला शाळेची घंटा झाली. मुलांचा कलकलाट विरला. मग चौथीच्या बाईंचा आवाज आला, इतका स्वच्छ की खोलीत उभ्या असाव्यात.

"एक."

"हजर, बाई."

"दोन."

"हजर, बाई."

बाहेर सुरी चालत होती. दहा झाले, बारा झाले, पंधरा झाले.

"सोळा."

"हजर, बाई."

"सतरा."

सुरी थांबली. भिंतीपलीकडे कुणीतरी खुसखुसलं. बाई जरा थांबल्या, आणि सगळ्या आकड्यांपेक्षा थोड्या मोठ्याने म्हणाल्या, "गैरहजर." मग, "अठरा."

सुरी पुन्हा सुरू झाली.

काटेवाले उठून बाहेर आले. बायकोने वर पाहिलं नाही. "कणकण गेली?" तिने विचारलं.

"कधीपासून चाललंय हे?"

"पहिल्यापासून." तिने शेंगांचे दोर काढून बाजूला ठेवले. "दाखला आणायला गेले होते तेव्हा बाई म्हणाल्या, राहू दे वहिनी, मी नाव ठेवते, वर्गाबरोबर पुढे नेते. मी म्हटलं, ठेवा."

"आणि मला येऊन सांगितलंस की झालं."

"तुम्ही कुठे बघायला मागितलंत?"

ते तसेच उभे राहिले. ती आता त्यांच्याकडे बघत होती, आणि लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी तिने त्यांच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं; त्या दिवशी मागितलं. "अहो, चारच महिने राहिलेत. चौथी झाली की ही शाळाच संपते. सगळी मुलं जातील, तसा तोही जाईल. आपोआप. तुम्ही अर्ज पुढच्या वर्षी करा. एवढं ऐका."

"अर्जाची मुदत या महिन्याची आहे."

"मग एक वर्ष भरा. जसे आजवर भरलेत."

"प्रश्न पैशांचा नाही," काटेवाले म्हणाले.

"मग कशाचा आहे?"

"खोटं आहे ते."

तिने सुरी उचलली. "हो," ती म्हणाली. "आहे खोटं. रोज अर्धं मिनिट असतं. तेवढं असू द्या."

*

शाळेत काटेवाले तीन वर्षांत गेले नव्हते. मधल्या सुट्टीत चौथीच्या बाई वर्गात डबा उघडून एकट्याच बसल्या होत्या. काटेवाल्यांना दारात पाहून त्यांनी डबा बंद केला. कशासाठी आले हे त्यांना सांगावं लागलं नाही.

"बसा ना."

"नाही. नाव कमी करा."

बाई नाटकी नव्हत्या. त्यांनी सरळच सांगितलं. वर्गाला वीस मुलं लागतात. एकोणीस झाली की वर्ग मोडतो, मुलं पुलापलीकडच्या शाळेत जातात आणि बाई जिथे पाठवतील तिथे. पहिलीत वीसच होती. त्यातलं एक गेलं. "वहिनी दाखला मागायला आल्या आणि दारातच खाली बसल्या. मला त्यांची दया आली, हे खोटं नाही. आणि माझ्या मनात वीसचा आकडा आला, हेही खोटं नाही. कुठलं आधी आलं ते मला विचारू नका."

"बघू वही."

बाईंनी हजेरीची वही पुढे केली नाही, तेव्हा त्यांनीच ती उचलली. त्यांना आकडे वाचायची सवय होती, वही त्यांनी तराजूसारखी डोळ्यांसमोर धरली. सतराच्या ओळीत हजर, हजर, हजर, महिनाभर हजर. तोंडाने गैरहजर म्हणणाऱ्या बाई वहीत हजर मांडत होत्या. पान उलटलं. पावसाळ्याच्या महिन्यात दोन दिवस रिकामे होते. पुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'ताप'. तिसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

काटेवाल्यांनी त्या शब्दावर अंगठा ठेवला.

"रोज हजर दिसलं तर तपासणीला संशय येतो," बाई हळू म्हणाल्या. "म्हणून मध्येच..."

"दोन दिवसांत उतरला?"

बाईंना कळलं नाही.

"ताप. दोन दिवसांत उतरला म्हणता."

बाईंनी मान खाली घातली. खिडकीजवळच्या बाकावर पोरांनी कर्कटकाने सतरा कोरून शेजारी भुताचं तोंड काढलं होतं. वर्गात कुणाची पेन्सिल हरवली की पोरं म्हणायची, सतराने नेली. कुणी घाण वास सोडला तरी सतराचंच नाव. काटेवाल्यांनी तेही पाहिलं. बाईंना वाटलं, आता हा माणूस जाईल. पण त्यांनी जे विचारलं, ते बाईंना अपेक्षित नव्हतं.

"गणितात किती आहेत त्याला?"

बाईंनी दुसरी वही काढली. "तिसरीत पन्नासपैकी बेचाळीस. वजनं-मापांच्या गणितांत पूर्ण दिलेत मी."

"का?"

"तुमचा मुलगा म्हणून."

तेवढ्यावर ते विरघळले असते. बाईंनीही नंतर कुणाजवळ तसं बोलून दाखवलं, की एक क्षण मला वाटलं, बसतील हे आता. पण बाईंना तो क्षण तसाच सोडता आला नाही. शिकवायची सवय होती त्यांना. त्या म्हणाल्या, "काटेवाले, तुम्हीही याच शाळेत शिकलात ना? तुम्ही राहता त्या घरात तेव्हा एक म्हातारी राहायची, माझ्या आईला आठवते. मूलबाळ नव्हतं तिला. ती भरायची शाळापट्टी, तेव्हा तुम्ही आकडे शिकलात."

काटेवाल्यांचा चेहरा पुन्हा होता तसा झाला.

"तिला कुणी विचारलं होतं?" ते म्हणाले. "आणि मी तिच्या नावावर कधी खोटं वजन चढवलं नाही. बाई, माझ्याकडे लोक येतात पारड्याखाली शिसं चिकटवायला. मी आजवर कुणाला चिकटवून दिलं नाही. तुम्ही माझं पोर चिकटवलंत."

बाई रडल्या नाहीत. त्यांनी कपाटातून दाखल्याचं पुस्तक काढलं आणि लिहायला घेतलं. नाव, जन्मतारीख, वर्तणूक चांगली, प्रगती समाधानकारक. शाळा सोडल्याच्या तारखेशी येऊन पेन थांबलं.

"खरी तारीख घातली तर तीन वर्षांचा खोटा पट माझ्या हाताने कबूल केला असं होतं. नोकरी जाईल, शिवाय खटला. आजची घालते. चालेल?"

चालेल का, असं काटेवाल्यांना आजवर हजारांनी विचारलं असेल. त्यांचं उत्तर सगळ्या बाजाराला पाठ होतं. पण समोर बाईंचा अर्धा खाल्लेला डबा होता, मुदतीला तीन दिवस राहिले होते, आणि त्या वर्गात आणखी एक मिनिट उभं राहणं त्यांना झेपणारं नव्हतं.

"चालेल," ते म्हणाले.

खाली 'शाळा सोडण्याचे कारण' अशी ओळ होती. तिथे बाईंनी प्रत्येक दाखल्यावर लिहितात तेच लिहिलं, सवयीने, एका दमात. पालकांच्या विनंतीवरून. आणि पालकांची सही म्हणून कागद पुढे केला.

काटेवाल्यांनी तो वाचला. मग सही केली.

*

घरी दाखला त्यांनी लपवला नाही. लपवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. फळीवर ठेवला, उडू नये म्हणून वर डबा ठेवला. बायकोने हात पुसले, कागद घेतला आणि वाचला. शेवटच्या ओळीशी ती थांबली, ती ओळ तिने ओठ हलवत पुन्हा वाचली. मग घडी घालून त्यांच्या हातात दिला. "जपून न्या," म्हणाली. "दुमडला तर घेत नाहीत."

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. पट एकोणीस झाला. पंधरा दिवसांत वर्ग मोडल्याचा हुकूम आला. बाईंना जिथे बस दिवसातून एकदाच जाते अशा शाळेत धाडलं, आणि मुलं पुलापलीकडे जाऊ लागली. वाणी सकाळी धाकट्याला पुलापर्यंत सोडून यायचा आणि दुकान उघडता उघडता समोर ऐकू जाईल असा म्हणायचा, "एका पोरावर उभा होता हो वर्ग. आम्हाला कुठे माहीत होतं? माहीत असतं तर नमस्कार केला असता रोज."

काटेवाले कानस घासत राहायचे.

महिन्याने कारकुनाने पुन्हा बोलावलं. अर्ज टेबलावर होता, वर लाल शाईत रेघ.

"काका, नामंजूर झालाय. मी साहेबांना सांगून पाहिलं." त्याने नियमाचा कागद फिरवून दाखवला. "चालू वर्षात पटावर मूल नसावं, असं आहे. तुमचा मुलगा या वर्षी आठ महिने शाळेत होता. दाखल्यावर तारीख आहे, कारण आहे, तुमची सही आहे."

"तो तीन वर्षांपूर्वी वारला."

"मग या दाखल्यावर तुम्ही खोटी सही केली, असं लिहून द्या," कारकून अगदी मनापासून म्हणाला. "तुमचं काम होईल. बाईंवर आणि तुमच्यावर पुढचं काय व्हायचं ते होईल. देता का लिहून?"

काटेवाल्यांनी कागद हातात घेतला. आपलीच सही होती. नीट, सरळ, दोन्ही बाजूंना सारखी.

"नाही," ते म्हणाले.

"मग भरून टाका काका. आणि पुढच्या वर्षी अर्ज करू नका, नियमच जाणार आहे. फार लोक सुटायला लागले."

ते दुकानात न जाता घरी आले. सकाळची वेळ होती. बायको भिंतीशी शेंगा चिरत बसली होती. त्यांना अवेळी आलेलं पाहून तिने विचारलं, "झाला मंजूर?"

"नाही."

"का?"

त्यांनी सांगितलं. कारकुनाने जसं सांगितलं तसंच, शब्द इकडचा तिकडे न करता. तिने ऐकून घेतलं. रागावली नाही. हसलीही नाही. टोपलीतून शेंगांची नवी मूठ घेतली आणि दोर काढता काढता म्हणाली, "मग भरा. लोकांची पोरं शिकू देत. आपलं तुम्ही काढून आणलंत."

शाळेत अकराची घंटा झाली. खालच्या वर्गांचा कलकलाट लांबून आला आणि विरला. भिंतीपलीकडे काहीच नव्हतं. काटेवाले खाटेच्या कडेला बसले आणि त्यांच्या नकळत मोजायला लागले. एक. दोन. तीन. बाईंच्या चालीने, मध्ये उत्तराला जागा ठेवून. सुरी चालली होती. बारा. पंधरा. त्यांनी बायकोच्या हाताकडे पाहिलं. सोळा.

सतराशी त्यांनी श्वास धरला आणि ती थांबायची वाट पाहिली.

सुरी थांबली नाही.